टाचणीचा डावा दात

मला आजवर जगाला ठाऊक नसलेली एकच गोष्ट सापडली आहे, आणि ती जेमतेम दोन सेंटिमीटर लांब आहे. तीही मी दिवाळीचा फराळ पोचवायला निघाले होते म्हणून सापडली. संशोधनाला म्हणून निघाले असते तर चार जणांसारखी मीही अकोले तालुक्यातल्या डोंगरात गेले असते आणि घोटा मुरगळून परत आले असते. नव्या जीवजाती डोंगरातच सापडतात, असा आमच्या प्राणिशास्त्रवाल्यांचा ठाम समज आहे. नेवाशाच्या बाजूला उसाच्या फडात आणि पाटाच्या चाऱ्यांत काय सापडणार, तर डास.

मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. त्या दिवशी स्कूटीच्या हुकाला पिशवी होती आणि पिशवीत दोन डबे, एकात चिवडा, एकात चकल्या. फराळ माझ्या शाळेतल्या सरांसाठी होता. त्यांच्या गावाच्या अलीकडे ख्रिस्ती दफनभूमी आहे आणि तिच्या भिंतीमागून पाटाची चारी, म्हणजे कालव्याचा छोटा फाटा, जाते. ही चारी तिथे वर्षानुवर्षं गळते आहे. गळून गळून भिंतीच्या पायथ्याशी खोलीएवढी दलदल झाली आहे आणि तीत लव्हाळं माजलं आहे. तिथे थांबण्याचं कारण मुळीच शास्त्रीय नव्हतं. माझी ओढणी चाकात जाऊ पाहत होती. ती सोडवायला वाकले तेव्हा लव्हाळ्याच्या काडीवर एक टाचणी बसलेली दिसली.

टाचणी म्हणजे काय ते आधी सांगते. लहानपणी आपण ज्याला हेलिकॉप्टर म्हणतो तो चतुर. टाचणी ही त्याचीच भाऊबंद, पण काडीसारखी बारीक, आणि बसली की पंख पाठीवर मिटून घेणारी. पंधरा वर्षं मी या टाचण्यांच्या मागे आहे. घरचे म्हणतात, माणसांचे चेहरे विसरते आणि किड्यांचे लक्षात ठेवते. तर ही जी बसली होती तिच्या डोळ्यांमागे दोन निळे ठिपके असायला हवे होते. ते नव्हते. त्यांच्या जागी एक अखंड आडवी रेघ होती. मी श्वास रोखला, आणि लक्षात आलं की जाळी कॉलेजात आहे.

मग मी चिवडा हेल्मेटमध्ये ओतला आणि त्या डब्यात टाचणी पकडली.

सरांच्या घरी पोचले ती एका हातात चिवड्याचं हेल्मेट आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन. बाईंनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, हेल्मेटमध्ये डोकावून शांतपणे विचारलं, "आता ह्यो चिवडा डोक्यात घालायचा का तोंडात?" त्याही निवृत्त शिक्षिका, त्यामुळे कुणाच्याही मूर्खपणाची त्यांना सवय होती. पुढचे सगळे नमुने मी परवानग्या काढून, जाळीने, रीतसर गोळा केले. पण पहिला चिवड्याच्या डब्यात आला ही वस्तुस्थिती आहे. शोधनिबंधात मी "हाताने पकडला" असं लिहिलं. तेवढी एक लबाडी मी केली आहे, आणि ती इथे कबूल करून टाकते.

आता सर कोण ते. मिशनच्या शाळेत त्यांनी मला पाचवीपासून दहावीपर्यंत चित्रकला शिकवली. शिकवली म्हणजे त्यांनी शिकवली, मला आली असं कुणी म्हणणार नाही. आठवीत विज्ञानाच्या वहीसाठी मी बेडूक काढला होता. विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमनी तो सरांना दाखवला, आणि सरांनी लाल पेन्सिलीने त्याच्याखाली दोन शब्द लिहिले: पुन्हा काढा. तो बेडूक मी नऊ वेळा काढला. दर वेळी तेच दोन शब्द. दहाव्या वेळी मी रडत विचारलं की चुकतंय काय, तेव्हा ते म्हणाले, "तू मनातला बेडूक काढते आहेस. समोर ठेवलाय तो बघ. जे दिसतं ते काढ." शाळेत ते अशा शुद्ध भाषेत रागवायचे. निवृत्त झाल्यावर घरच्या बोलीवर परत गेले आणि त्यांचा राग निम्मा झाला.

एके काळी आमच्या भागातल्या दुकानांच्या पाट्या, चर्चच्या भिंतीवरची वचनं, गॅदरिंगचे पडदे, नाताळातली येशूजन्माची गव्हाण, सगळं सरांच्या हातचं असायचं. मग फ्लेक्स आले. निवृत्तीनंतर सरांचे ब्रश एका डालड्याच्या डब्यात उभे राहिले ते तसेच. मी दिवाळीला आणि नाताळला जायची, ते ब्रश बघायची, आणि काहीतरी बोलायचं म्हणून कॉलेजातल्या गमती सांगायची.

त्या टाचणीच्या मागे माझी दोन वर्षं गेली. नवरा सुप्याच्या एका कारखान्यात माल तपासणीला आहे. शनिवारी घरी आला की विचारायचा, "दोन सेंटिमीटरला दोन वर्षं, म्हणजे सेंटिमीटरला एक. ठीक चाललंय." चाललं होतं खरं. पण वाटेत मी एकदा सपशेल तोंडघशी पडले. त्याच लव्हाळ्यात मला तांबड्या टाचण्या दिसल्या आणि महिनाभर मी एकाऐवजी दोन नव्या जाती सापडल्याच्या आनंदात होते. मग एके दिवशी तांबड्यांतली एक माझ्याच नराबरोबर जोडीने दिसली. त्या वेगळ्या नव्हत्याच, याच जातीच्या कोवळ्या माद्या होत्या. वय झालं की हिरव्या होतात. दुसऱ्या जातीचं नावसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

टाचणीची जात नवी आहे हे रंगावरून ठरत नाही. मेल्यावर रंग उडून जातो आणि सगळ्या सारख्याच मातकट दिसतात. खरी ओळख पटते ती नराच्या शेपटीच्या टोकाला. तिथे चिमट्यांच्या दोन जोड्या असतात, एक वर, एक खाली. या चिमट्यांनी नर मादीची मान पकडतो, आणि एका जातीचे चिमटे दुसऱ्या जातीच्या मानेवर नीट बसत नाहीत. वर्गात हे शिकवताना मागच्या बाकांवर खसखस पिकते आणि मला छताकडे बघून बोलावं लागतं. माझ्या टाचणीच्या वरच्या दोन्ही चिमट्यांना आतल्या बाजूने एकेक बारीक दात होता. तिच्या नात्यातल्या दुसऱ्या कुठल्याच जातीला तो नव्हता. नवेपणाचा सगळा डोलारा त्या दातावर उभा होता.

तो दात जगाला दाखवायचा तर चित्र हवं. सूक्ष्मदर्शकाला मोबाईल लावून काढलेल्या फोटोत एक भाग स्पष्ट आला की दुसरा धूसर होतो. चित्रात मात्र सगळं एकदम दाखवता येतं. आणि माझ्या चित्रकलेचा पुरावा तो बेडूक होता.

मी सरांना विचारलं. सर उठले, डालड्याच्या डब्यातून ब्रश बाजूला करत तळाशी बोटांनी चाचपलं, आणि शाईचा बारीक टाक काढून मला दाखवला. "छापून येनार व्हय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येणार, आणि चित्राखाली तुमचं नावही येणार. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई उठून आत गेल्या. मला वाटलं, चहा टाकायला गेल्या.

कॉलेजचा एक सूक्ष्मदर्शक मी अर्ज करून घेतला आणि जुन्या साडीत गुंडाळून स्कूटीवरून सरांकडे नेला. खिडकीशी टेबल लावलं. मूळ नमुना, म्हणजे ज्या एका नराच्या वर्णनावर सगळी जात उभी राहते तो, चिवड्याच्या डब्यातलाच होता. त्याची शेपटी भिंगाखाली ठेवून दिली. सर म्हणाले, मी दहा ते बाराच काम करनार, तेव्हा उजेड चांगला असतो. मी मनात म्हटलं, निवृत्त माणसाचे नखरे.

कामाला हात घालण्याआधी जिवंत टाचणी बघावी, म्हणून मी त्यांना हाताला धरून दफनभूमीमागे घेऊन गेले. नोव्हेंबरची सकाळ होती, ऊन पडलं होतं, आणि टाचणी अगदी माझ्या मनासारखी समोरच बसली होती. मी कुजबुजले, ती बघा सर, खालून तिसऱ्या काडीवर. सर वाकले. बराच वेळ बघत राहिले. "वा," म्हणाले, "लई सुरेख. काय निळा रंग हाय."

मी म्हटलं, "हिरवा, सर."

"तेच ते. दोनी थंड रंग."

मी हसले. चित्रकलेच्या माणसाने हिरव्या-निळ्याचा असा हिशेब करावा याची मला गंमत वाटली. घरी गेल्यावर ती मी नवऱ्याला रंगवून सांगितली.

चित्र व्हायला महिना लागला. मी मधूनमधून जायची. सर पेपर वाचत नसत, बाई वाचून दाखवत. डोळ्यांना विश्रांती, असं सर म्हणायचे. चहाचा कप टेबलावर ठेवला की बाई तो त्यांच्या बोटांना टेकवायच्या. मी ते बघितलं होतं. या वयातही काय प्रेम आहे, असं मनात म्हटलं आणि घरी जाऊन तेही नवऱ्याला ऐकवलं. त्यात त्याला थोडा टोमणा होता.

चित्र हातात आलं तेव्हा मात्र मी ते खिडकीशी नेऊन पुन्हा पुन्हा बघितलं. टाकाने एकेक ठिपका देऊन त्यांनी चिमट्यांची गोलाई उभी केली होती. दोन्ही दात स्वच्छ, टोकदार, एकमेकांसमोर. कोपऱ्यात सही. मी ते निबंधाला जोडलं, फोटोही जोडले, आणि एका शास्त्रीय मासिकाकडे पाठवून दिलं.

आमच्या प्राचार्यांना "पाठवला" आणि "स्वीकारला" यांत फरक वाटत नाही. आठ दिवसांत कॉलेजच्या फाटकावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर माझा ओळखपत्रावरचा फोटो होता आणि शेजारी इंटरनेटवरून उतरवलेला एक भलामोठा लाल चतुर. माझी टाचणी त्याच्या एका डोळ्यात मावली असती. सर फोन करून विचारायचे, "छापून आलं का?" दर रविवारी, चर्च सुटल्यावर. एकदा बाईंनी हळूच सांगितलं की चर्चमध्ये शेजारी बसणाऱ्यांना सरांनी सांगून ठेवलं आहे.

मग परीक्षकांचा अभिप्राय आला. असे निबंध छापण्याआधी कुणी जाणकार तपासतो, तो कोण ते आपल्याला कळत नाही. या जाणकाराने बारीक बारीक गोष्टी काढल्या होत्या, आणि शेवटी एक अगदी सभ्य प्रश्न विचारला होता. चित्रात दात दोन्ही बाजूंना आहे, पण मूळ नमुन्याच्या फोटोत तो फक्त उजवीकडे दिसतो. यातलं खरं काय? दात एकाच बाजूला असेल तर ते व्यंग असू शकतं, किंवा चिकटलेला कचराही. तसं असेल तर ही नवी जात कशी म्हणायची?

मी फोटो उघडला. डाव्या बाजूला दात नव्हता. तो फोटो मीच काढला होता, मीच पाठवला होता, आणि दोन्हीकडे दात आहे असं डोक्यात पक्कं असल्यामुळे मला तो तिथे दिसत राहिला होता. कॉलेजात गेले तेव्हा फाटकावरचा फ्लेक्स वाऱ्याने फडफडत होता. त्याखालून जाताना मी मान वर केली नाही. उरलेल्या पाच नरांच्या बाटल्या काढल्या आणि एकेकाची शेपटी भिंगाखाली घेतली. पहिल्याला दात दोन्हीकडे. दुसऱ्याला दोन्हीकडे. पाचव्यापर्यंत तेच. जीव भांड्यात पडला. मूळ नमुना सरांकडून परत आणून ठेवला होता, तो शेवटी बघितला. डावा दात बुडाशी मोडलेला होता, मोडल्याची खूणही स्पष्ट होती. चिवड्याच्या डब्यात मोडला की आधीच मोडलेला होता, देव जाणे.

म्हणजे टाचणी वाचली होती. चूक चित्रात होती. जो नमुना म्हणून दाखवायचा त्याचा मोडका दात सरांनी आख्खा काढला होता.

मला कारणही लगेच कळलं, असं मला वाटलं. शाळेत सर आम्हाला संकल्पचित्र शिकवायचे. फुलाची नक्षी अर्धी काढायची, बटर पेपरवर उतरवायची, पेपर उलटा करून घासायचा की दुसरी बाजू हुबेहूब तयार. सरांनी टाचणीचंही संकल्पचित्र केलं होतं. आयुष्यभराची सवय, दुसरं काय. आता चित्र नव्याने काढून घ्यायचं आणि ते चुकलं आहे असं सरांना सांगायचं. ज्यांनी माझा बेडूक नऊ वेळा परत पाठवला, त्यांना. खरं सांगते, थोडा आनंदही झाला होता. सूड म्हणावा इतका नाही, पण चहाबरोबर पुरेल इतका.

तर मी वाटेत वाक्यं जुळवत गेले आणि ओसरीवर टेकल्या टेकल्या म्हटलं, "सर, पकडलं तुम्हाला. बटर पेपर वापरलात ना? टाचणीची रांगोळी केलीत."

सर हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी चेहरा माझ्या दिशेला वळवला, पण थोडा बाजूला, माझ्या खांद्याकडे. दारात बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांगा आता तिला."

सरांनी धोतराचा सोगा मांडीवर नीट केला. "उजवी बाजू व्हईपर्यंत दिसत हुतं," ते म्हणाले. "उन्हात, एका डोळ्यानं. डावीला आलो आन् डोळा बसला. नुसतं धुकं. मग अर्धं हुतं ते उलटं केलं. म्हटलं, देवानं दोनी बाजू सारख्याच केल्या असतील."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डावा कधीचा गेला होता, उजवा त्या महिन्यात जात होता. बाई दोन वर्षं ऑपरेशनसाठी मागे लागल्या होत्या आणि सर आज-उद्या करत होते. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? मला राग आला होता आणि तो माझ्या आवाजात होता.

"सांगितलं असतं तर तू मशीन उचलून नेलं असतंस," सर म्हणाले. "रिटायर झाल्यापासनं मला कुनी चित्र मागितलं न्हाई. तू मागितलंस."

एका केसाएवढ्या दातासाठी मी सहा नर भिंगाखाली घातले होते, आणि हा माणूस महिनाभर माझ्यासमोर चाचपडत होता. कप बोटांना टेकवला जात होता ते मी बघितलं होतं. हिरव्याला निळा म्हटलेलं मी ऐकलं होतं. ऐकून हसले होते, घरी जाऊन सांगितलं होतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

मी पुटपुटले की राहू द्या, मी फोटोंवर भागवते, तसं पत्र लिहिते. सर एकदम शाळेतल्या आवाजात, शाळेतल्या भाषेत म्हणाले, "चित्र आणलं आहेस का?"

आणलं होतं. मी ते पिशवीतून काढलं. त्यांनी बाईंना डालड्याच्या डब्यातून काहीतरी आणायला सांगितलं. बाईंनी आणली ती लाल पेन्सिल, आखूड झालेली, बेडकाखालच्या शेऱ्याच्याच रंगाची. सरांनी ती माझ्यापुढे धरली.

"लिही."

मी नाही म्हटलं. माझ्याच्याने होणार नाही म्हटलं.

"तुझा बेडूक नऊ येळा परत पाठवला. माझा हात एकदाबी थरथरला न्हाई. लिही."

मी लिहिलं. त्या नाजूक ठिपक्यांखाली, सहीच्या शेजारी, लाल अक्षरात: पुन्हा काढा. अक्षर वाकडं आलं. सरांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांपाशी नेला, मग बाईंकडे दिला आणि विचारलं, "नगरला कधी जायचं म्हनत हुतीस?"

मी संपादकांना दोन महिन्यांची मुदत मागितली. कारण काय द्यावं याचा विचार केला आणि खरं तेच लिहिलं, की चित्रकारांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. त्यांचं उत्तर आलं की हरकत नाही, चित्रकारांना शुभेच्छा. मोठमोठ्या मासिकांचे संपादकही आतून माणसंच असतात हे मला तेव्हा कळलं. आधी उजवा डोळा झाला, तीन आठवड्यांनी डावा. सरांना काळा चष्मा मिळाला आणि ते ओसरीवर बसून एखाद्या पुढाऱ्यासारखे दिसू लागले. बाई रोज चार वेळा ड्रॉप घालायच्या आणि प्रत्येक वेळी, आता टाचणी दिसेल, असं म्हणायच्या.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सर पुन्हा भिंगाला बसले. या वेळी त्यांना दहा ते बाराचा उजेड लागला नाही. सकाळी बसत, संध्याकाळी बसत, मी गेले की मला हात लावू देत नसत. पण मोडक्या दाताशी येऊन अडले. सबंध जन्मात मी मोडकं कधी काढलं न्हाई, म्हणाले. तुकाराम महाराज काढले, येशू काढला, प्रत्येकाला जसा हवा तसा, आख्खा. हा एवढा दात पुरा केला तर कुनाचं काय बिघडतं? मी त्यांच्यामागे उभी राहून म्हटलं, "सर, जे दिसतं ते काढा." ते वळून बघत राहिले. मग पुन्हा भिंगाला डोळा लावला आणि मोडका दात मोडकाच काढला. त्याच्या तुटक्या बुडावर त्यांनी सगळ्यात जास्त ठिपके दिले.

निबंध स्वीकारला गेला. चित्राखाली सरांचं नाव छापून आलं, बारीक अक्षरात, पण आलं. मी त्याची मोठी प्रत काढून त्यांना नेऊन दिली. पुढच्या रविवारी ती चर्चमध्ये हातोहात फिरली आणि परत आली तेव्हा तिला एका कोपऱ्यात करंजीच्या तेलाचा डाग होता. फाटकावरचा फ्लेक्स मात्र अजून तोच आहे. लाल चतुर उन्हाने गुलाबी झाला आहे. तो काढायला कुणाला वेळ होत नाही, आणि मीही आता तगादा लावत नाही. पहिलं चित्र, लाल शेऱ्याचं, मी मागून घेतलं. ते माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

परवा सरांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, चल, दफनभूमीमागं जाऊन येऊ. या खेपेला त्यांनी माझा हात धरला नाही, पुढे चालले. चारी अजून तशीच गळत होती. मी काही दाखवायच्या आधीच ते लव्हाळ्यासमोर उकिडवे बसले आणि काड्या एकेक करून बघू लागले. बऱ्याच वेळाने थांबले. एका काडीवर एक नर होता, हिरवा, डोळ्यांमागे आडव्या रेघेचा. सरांनी महिनोन्‌महिने त्याची शेपटी तळहाताएवढी करून काढली होती. ते पुढे वाकले, मागे सरले, परत वाकले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"एवढीशीच हाय?" त्यांनी विचारलं.

मी हसून म्हटलं, "मागच्या वेळी तर लई सुरेख म्हणाला होतात."

सर टाचणीवरची नजर न काढता म्हणाले, "मागच्या येळी मला कुठं काय दिसलं. नुसतं तुझं बोलनं ऐकत हुतो. तू एवढी खुश हुतीस, म्हटलं, सुरेखच असनार."